गर्दीतल्या साखळीचं टोक

आमच्या गटाच्या खोलीत जो फळा होता, त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक आकृती होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'पुसू नये'. अक्षर सरांचं, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचं. खाली एक आडवी रेघ, म्हणजे पृष्ठभाग. तिच्यावर शेजारी शेजारी उभ्या बारीक रेघा, म्हणजे एका टोकाने त्या पृष्ठभागावर रुजवलेल्या पॉलिमरच्या साखळ्या. सगळ्या एका उंचीच्या, सगळ्यांची मोकळी टोकं वर एका ओळीत. दात घासायच्या ब्रशचं चित्र जसं असावं तसं, आणि आमच्या विषयात अशा रुजवलेल्या साखळ्यांना ब्रशच म्हणतात. बाकीचा फळा रोज पुसला जाई. त्या कोपऱ्याला डस्टर लावायची मात्र कोणाची टाप नव्हती.

ती आकृती चूक होती आणि ते मी दाखवून दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला ते सांगायला आजही फार आवडतं. नम्रपणा हा गुण आमच्या घरात ताईच्याही वाट्याला आला नाही आणि माझ्याही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पुण्यात जो तो कॉम्प्युटरचे क्लास लावत होता. दोन हजार साल उजाडलं की जुने प्रोग्राम तारखा चुकवतील, या धास्तीवर शहरातल्या तरुण मंडळींची चांगली सोय झाली होती. माझी थोरली बहीण त्यांतलीच. परदेशी बँकांचे प्रोग्राम तपासायचं तिचं काम. सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून ती येरवड्याच्या आमच्या गल्लीतून निघाली की शेजारणी दारात येऊन बघायच्या. मी तिच्या मागून पाच-दहा मिनिटांनी कापडी पिशवी घेऊन निघायचे, तेव्हा त्या आत गेलेल्या असत.

आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच होतो. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. रविवारी पांढरा शर्ट घालून विहारात जायचे, आणि तिथे कोणी मुलींची चौकशी केली की म्हणायचे, "थोरली कामाला आहे. धाकटी शिकतेय अजून." हे 'अजून' मला फार झोंबायचं. चांगली एम.एस्सी. झालेली, शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करणारी बाई मी, दिवसभर राबून यायचे, आणि घरी सगळ्यांच्या लेखी मी अजून शाळेतच होते.

एकदा वैतागून मी बाबांना माझं काम समजावायला बसले. त्यांच्या कचेरीतल्या सवयीमुळे आमच्या घरात रबर बँडांना तोटा नव्हता. एक जाडसर रबर बँड घेतला आणि म्हटलं, "बाबा, हा झटकन ताणा आणि लगेच ओठाला लावा." त्यांनी लावला. "गरम लागतोय." "आता थोडा वेळ ताणून धरा, मग सैल सोडा आणि परत लावा." "अरेच्चा, गार!" मग मी त्यांना सांगितलं की रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता. साखळीला गुंडाळून राहायच्या अगणित तऱ्हा असतात, सरळ उभं राहायची एकच. त्यामुळे मोकळी सोडली की ती आपोआप गुंडाळते. ओढलं की लांबते, दुप्पट जोराने ओढलं की साधारण दुप्पट लांबते, आणि पार सरळ व्हायला आली की मग हटून बसते, कितीही ओढा. कोणत्या साखळीला किती जोर लावला की ती किती लांबते, हे मी कॉम्प्युटरवर बघते.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी तो रबर बँड त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात होता आणि विहाराबाहेर ते एकेकाला थांबवून म्हणत होते, "हे बघा, ओठाला लावा." मी मात्र अजून शिकतच होते.

आता खरी भानगड. आमच्या गटात चांगल्या ताकदीचं मशीन एकच होतं. ते आठवड्याआठवड्याने प्रत्येकाला मिळायचं, आणि आपला नंबर संपला की चालू काम थांबवून उठायचं. कामाला सुरुवात करायची तर साखळ्या आधी कुठेतरी ठेवायला लागतात. सरळ उभ्या ठेवणं सगळ्यात सोपं, म्हणून फार पूर्वी कोणीतरी तशी फाइल बनवून ठेवली होती. तो अमेरिकेला गेला, फाइल मागच्याला मिळाली, त्याने ती त्याच्या मागच्याला दिली. घरात विरजण जपतात तशी आम्ही ती फाइल जपली होती. सगळे तिथूनच सुरुवात करायचे, आठवडाभर चालवायचे, टोकं वरच दिसायची, आणि सगळे फळ्याच्या कोपऱ्याकडे बघून खूश व्हायचे.

त्या दिवाळीत सगळे गावाला गेले. माझं गाव म्हणजे येरवडा, त्यामुळे मशीन आयतं माझ्या हाती लागलं. सुट्टी संपेपर्यंत मी ते थांबवलंच नाही. आणि बघते तर टोकं वर राहायला तयार नाहीत. काही वर, काही मधे, काही पार तळाशी, शेजारणींच्या पायाशी. मग मी त्यांतल्या एकाच साखळीचं टोक धरून वर ओढायचा हिशेब केला. मोकळ्या साखळीला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा गर्दीतल्या साखळीला कितीतरी जास्त लागणार, हे उघड होतं. निघाला कितीतरी कमी. नुसतं बोट लावावं तेवढ्याने ती तळातून सुळकन ब्रशच्या वरच्या कडेपर्यंत येत होती.

मी तो आलेख घेऊन सरांकडे गेले. सर मूळचे शनिवार पेठेतले. स्तुती हा पदार्थ त्यांच्या घरी सणासुदीलासुद्धा होत नसावा. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद पाहिला.

"गर्दीत अडकलेला माणूस ओढून काढायला जोर जास्त लागतो की कमी?"

"जास्त, सर."

"हे आपल्याला माहीत आहे. आपल्या प्रोग्रामला माहीत नाही. त्याला सांगा."

झालं. पुढचे कित्येक आठवडे मी प्रोग्राममधली चूक शोधत होते. ओळ न् ओळ वाचली. मान आखडली, डोळे गेले, चूक सापडेना. गटातली मुलं येता-जाता विचारायची, "काय, सापडला का किडा?" मला इतका संताप यायचा की एकदा चहाचा कप आपटून फोडला. आणि डोक्यावर सेमिनार आला होता. समितीपुढे काम मांडायचं, त्यांना पटलं तर शिष्यवृत्ती पुढे चालू, नाहीतर बंद. सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "तुमचं तुम्ही मांडा. मी वाचवायला उठणार नाही."

त्यातच ताईने तिच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांची नवी तुकडी सोमवारी सुरू होणार होती आणि सेमिनार नेमका त्याच्या आधीच्या शुक्रवारी. मी घरात कबूल करून बसले होते, की शिष्यवृत्ती बंद झाली तर मुकाट्याने जाईन. बाबांना बरं वाटलं. मला रडू येत होतं, पण ताईसमोर रडण्यापेक्षा मी तारखा तपासल्या असत्या.

सेमिनारला महिना राहिला असेल. ताई भाकऱ्या थापत होती आणि मी पाटावर बसून माझ्या किड्याला शिव्या घालत होते. ती म्हणाली, "तुम्ही तपासता कसं?"

"म्हणजे? प्रोग्राम वाचतो."

"ते तपासणं नव्हे, ते पारायण. आमच्याकडे प्रोग्रामवर कोणी विश्वास ठेवत नाही. लिहिणाऱ्यावर तर त्याहून नाही. तारीख पुढे नेत नेत एका दिवसावर आणायची, मग पार पुढच्या सालात जाऊन मागे मागे त्याच दिवसावर आणायची. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर पास." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तू सुरुवात कुठून करतेस?"

"साखळ्या सरळ उभ्या असतात, तिथून."

"का?"

"सगळे तिथूनच करतात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेसाठी मी तिला आजही माफ केलेलं नाही. "मग गुंडाळलेल्यापासून कर ना. उलट्या बाजूने."

मी भाकरी न खाता उठले, परत येऊन बसले, कारण भूक लागली होती, आणि जेवता जेवता मला सगळं लख्ख दिसलं. आमच्या गटातला एकही माणूस कधी दुसरीकडून आलाच नव्हता. सरळ उभ्या साखळ्या आठवड्याभरात पुरत्या खाली उतरतच नव्हत्या. टोकं वर दिसायची, कारण आम्हीच ती वर ठेवली होती. आणि आधीच ताठ उभ्या असलेल्या साखळीला आणखी ओढायचं तर जोर लागणारच! माझा किडा प्रोग्राममध्ये नव्हता. तो आम्ही जपलेल्या फाइलमध्ये होता.

पण हे माझं म्हणणं झालं. सिद्ध करायचं तर दोन्ही बाजूंनी, थांबवल्याशिवाय मशीन चालवायला हवं होतं. मी साखळ्या आखूड केल्या, म्हणजे काम लवकर उरकेल, तरी माझा एकटीचा आठवडा पुरणार नव्हता. वर्ध्याकडचा एक मित्र होता गटात, त्याने स्वतःहून आपला आठवडा मला दिला. "घे न माहा नंबर. माह्यं तसंबी चुकूनच येऊन राह्यलं." त्याचं बघून आणखी एकीने दिला. ती पुणेरी. ती म्हणाली, "उपकार नाहीत हे. तुझा किडा मेला तर आमचेही दिवस वाचतील."

सेमिनारच्या आदल्या दिवशी दुपारी दुसरी बाजू संपली. मी दोन्ही आलेख पाहिले आणि एकटीच मोठ्याने हसले. धावत सरांच्या दाराशी गेले. ते डबा उघडून बसले होते. "सर, एक दाखवायचं होतं." "उद्या बघायचंच आहे," ते म्हणाले, "आज जेवू द्या."

सेमिनार आमच्याच खोलीत होता. समितीची चार माणसं पुढे, गटातली मुलं मधे, आणि शेवटच्या बाकावर बाबा आणि ताई. बाबा रविवारचा पांढरा शर्ट शुक्रवारी घालून आले होते. ताईने अर्धी रजा टाकली होती. कंपनीला संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, त्यामुळे निकाल ऐकून ती तिथूनच फोन करणार होती. मला त्या दोघांना पाहून धीर यायला हवा होता. प्रत्यक्षात मी कागदांचा क्रम तिसऱ्यांदा तपासला.

त्या काळी पारदर्शक कागदावर पेनाने काढून प्रोजेक्टरवर ठेवायचं असे. मी लाल पेनाचा कागद ठेवला. "ही टोकं कुठे कुठे आहेत ते यात आहे. सुरुवात सरळ उभ्या साखळ्यांपासून." मग सांगितलं की हे किती लांब चालवलं, आणि एका आठवड्यात थांबवलं असतं तर काय दिसलं असतं, तेही दाखवलं. मधल्या बाकांवर चुळबुळ झाली. सर म्हणाले, "लांब चालवल्याने चूक बरोबर होत नाही. लांब होते."

समितीतले एक गृहस्थ हसले. मी वाटच बघत होते त्या वाक्याची.

"म्हणून उलट्या बाजूनेही चालवलं, सर," मी म्हटलं. निळ्या पेनाचा कागद उचलून सगळ्यांना दाखवला. "सुरुवात तळाशी गुंडाळलेल्या साखळ्यांपासून. सगळी टोकं खाली." आणि तो कागद लाल कागदावर ठेवला.

पडद्यावर निळी रेघ लाल रेघेवर जाऊन बसली. दोन रंगांची मिळून एकच जांभळी रेघ दिसायला लागली.

सर उठले, प्रोजेक्टरजवळ आले. "कागद सरकला असेल," म्हणत त्यांनी दोन्ही कागदांच्या कडा स्वतःच्या हाताने जुळवल्या, खालचे आकडे जुळवले, वाकून भिंगातून पाहिलं. रेघ जांभळीच राहिली. त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची बरोबरी पुढे कशानेच झाली नाही, आणि पुढे मला बरंच काही मिळालं.

"आणि ओढायचा जोर?" त्यांनी विचारलं.

मी तिसरा कागद ठेवला. दोन्ही बाजूंनी तेवढाच. कमीच.

"का पण? गर्दीत अडकलेला माणूस..."

"सर, गर्दी अडवते असं आपण धरून चाललो. ती ढकलते. रविवारी आम्ही कात्रजला मावशीकडे जातो. बस स्वारगेटला थांबली की दारापर्यंत जायला मला पाय उचलावे लागत नाहीत, मागची माणसं नेऊन सोडतात." बाबा मागे मान डोलवायला लागले. "साखळीचा स्वतःचा ओढा आत, गुंडाळण्याकडे. शेजारणींचा रेटा बाहेर. टोक कुठेही असो, तळाशी किंवा कडेला, हे दोन्ही एकमेकांना फेडून टाकतात. शिल्लक काही उरतच नाही. म्हणून तर टोकं सगळीकडे सापडतात, आणि म्हणून जराशा जोरानेही टोक कडेपर्यंत येतं."

"आणि कडेच्या पलीकडे?"

"पलीकडे गर्दी नाही, सर. तिथून पुढे साखळी एकटी. तिथून पुढे नेहमीसारखा जोर लावावा लागतो."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिसरा कागद परत एकदा सावकाश पाहिला. कडेपर्यंत जमिनीलगत जाणारी रेघ, आणि कडेपाशी तिने घेतलेलं वळण. मग ते समितीकडे वळून म्हणाले, "मला आणखी प्रश्न नाहीत. आपल्याला असतील तर विचारा, पण त्या उत्तर देतील."

समितीने प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. बाहेरून आलेल्या बाई होत्या, त्यांनी तर हे आधी आपल्याला का सुचलं नाही, असं सगळ्यांदेखत म्हटलं. अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं की शिष्यवृत्ती पूर्ण मुदतीपर्यंत चालू राहील आणि हे काम लगेच लिहून छापायला पाठवा. वर्ध्याच्या मित्राने शिट्टी मारली. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

सगळे उठायला लागले तेव्हा सर फळ्याकडे गेले. डस्टर घेऊन त्यांनी डाव्या कोपऱ्यावरून फिरवला. इतक्या वर्षांचा खडू, निघेना. त्यांनी टेबलावरच्या पेल्यात खिशातला रुमाल बुडवला, पिळला, आणि त्या उभ्या रेघा एकेक करून पुसून काढल्या. खालची अक्षरं मात्र तशीच ठेवली. मग खडूचा तुकडा माझ्यापुढे धरला.

"आता काढा. नीट काढा, ती राहणार आहे."

मी काढली. आडवी रेघ, आणि तिच्यावर वाकड्यातिकड्या साखळ्या, एकीचं टोक वर, एकीचं मधे, एकीचं पार खाली. खडूचा तुकडा बोटभरही नव्हता, त्यामुळे त्या हव्या होत्या त्याहून जास्तच वाकड्या आल्या. खाली 'पुसू नये' होतंच.

मागे वळले तर शेवटच्या बाकावर फक्त बाबा होते. समितीतल्या त्या बाई त्यांच्याशी बोलायला थांबल्या होत्या आणि बाबांनी खिशातून रबर बँड काढून त्यांच्या हातात दिला होता. बाई तो ओठाला लावत होत्या. ताई कुठे दिसेना.

ती मला फाटकाबाहेरच्या पिवळ्या एसटीडी बूथमध्ये सापडली. काचेचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं. माझी चाहूल तिला लागली नव्हती. कानाला रिसीव्हर, दुसऱ्या हातात रुमाल, आणि आवाज नेहमीसारखाच खडखडीत.

"नाही, सोमवारी ती येणार नाही. नाही हो, शिकत नाहीये ती," ताई म्हणाली. "तिला काम आहे."